मुनाफभाईची फोडणी

मुनाफभाईंचं घर दोन गोष्टींवर चालायचं, त्यांची जीभ आणि त्यांचा भोंगा. ऑटोच्या टपावर भोंगा बांधायचा आणि शिरपूरच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात गल्लोगल्ली ओरडत फिरायचं. कापडाचा सेल, डोळ्यांचं शिबिर, हरवलेलं जनावर, काहीही. मयताची खबर मात्र फुकट, मग मयत कुणाच्याही घरचं असो. लिहून दिलेलं वाचून झालं की पदरचं एक वाक्य जोडायची त्यांना खोड होती. गाव त्याला मुनाफभाईची फोडणी म्हणायचं. कुणाची बकरी हरवली तर म्हणायचे, ‘‘सापडली त वापस करा. शिजवली असन त मालकाले जेवाले तरी बोलवा.’’

दोन उन्हाळ्यांपूर्वी पाण्याच्या कार्यालयाने त्यांना सांगायला दिलं, उद्या नळाला पाणी येईल. मुनाफभाईंनी वाचलं आणि फोडणी घातली, ‘‘मांगच्या बाजाराच्या दिवशीबी असंच येनार होतं.’’ चौकातल्या जगदेवच्या चहाच्या हॉटेलासमोर माणसं पोट धरधरून हसली. जगदेवच्या हातातला चहा सांडला.

कार्यालयाच्या साहेबांना ते झोंबलं. माफी मागा, तीही भोंग्यावरून, असं फर्मान आलं. मुनाफभाईंची बायको, फरहतभाभी म्हणाल्या, ‘‘मांगून टाका. मान खाली घालून दोन शब्द बोलाले काय जाते?’’ मुनाफभाई खरंच मनापासून माफी मागायला निघाले. त्याच चौकात थांबून म्हणाले, ‘‘माह्यं चुकलं. पानी टायमावर येते.’’ आणि इथे जन्माची खोड आडवी आली. तोंडातून निघूनच गेलं, ‘‘ज्याच्या घरी आलं असन त्यानं शेजाऱ्यालेबी पान्याचा एक गुंड भरून द्या.’’ माफीलाही फोडणी घालणारा माणूस, त्याला काय म्हणायचं!

संध्याकाळी भोंगा जप्त झाला, परवानगी रद्द झाली. गावात आणखी दोघे भोंगेवाले परवानगी न काढताच फिरतात. त्यांना कुणी हात लावला नाही.

वाशीमच्या राखी वकीलबाईंनी प्रकरण हातात घेतलं. ‘‘सरकारवर टीका करणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याचा सूड म्हणून कुणाची रोजी काढून घेता येत नाही. फक्त चौकात काय झालं ते सांगणारा एक माणूस आणा.’’

एक माणूस! ज्यांच्या बापाच्या मयताची खबर फुकट सांगितली होती, त्यांचेही उंबरे मुनाफभाईंनी झिजवले. कुणाचा घरकुलाचा हप्ता यायचा होता, कुणाचा पोरगा त्याच कार्यालयात ठेक्यावर होता. जगदेव तर डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, ‘‘हासलो मी, खोटं कायले बोलू? पन तुमी काय बोलले ते मले आयकू नाई आलं.’’ या वाक्याची मला अजून चीड येते.

केस चालू होती तोवर मुनाफभाई बाजारात पोती उचलत होते. शेवटी साक्षीदाराशिवायच ते जिंकले, तेही साहेबांच्या मस्तीमुळे. कार्यालयाची थट्टा केली म्हणून परवानगी काढण्यात येत आहे, असं त्यांनी आदेशात स्वतःच लिहिलं होतं. आपलं कोण काय वाकडं करणार, ही खात्री. कोर्टाने त्यांना झापलं आणि भोंगा परत द्यायला लावला. पुढे साहेबांची बदली झाली, बढती देऊन.

गावाने मुनाफभाईंना हार घातले. ज्यांना ऐकू आलं नव्हतं तेच सगळ्यांत पुढे होते. उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलून ऑटो पुन्हा फिरू लागली. पण आता जो तो चिठ्ठी देताना हळूच सांगायचा, ‘‘मुनाफभाई, तेवढी फोडणी नोका घालू बरं.’’ दुकानदार सांगायचे, डॉक्टर सांगायचे, घरी फरहतभाभीही तेच सांगायच्या. साहेबाविरुद्ध कोर्टात जाता आलं, गावाविरुद्ध कुठे जाणार?

मागच्या महिन्यात पुन्हा तीच सूचना आली, उद्या नळाला पाणी येईल. मुनाफभाईंनी चौकात ऑटो थांबवली. आता हा काय बोलतो म्हणून माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यांनी लिहिलेलं तेवढं वाचलं आणि माईक बंद केला.

‘‘काऊन मुनाफभाई?’’ जगदेवने हॉटेलातून हाक मारली. ‘‘आता कायले भेऊन राह्यले? बोला ना काईतरी. कोर्टानं त तुमाले हक्क देल्ला.’’

‘‘हक्क हाये,’’ मुनाफभाई म्हणाले. ‘‘मी बोलतोबी. पन जगदेव, तुले आयकू येईन का?’’