बारावर आणलेला काटा

सम्मेद मगदूमला वाकडं म्हणून काही बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं, तर परक्याच्या घरातसुद्धा उठून ते सरळ करणार. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्या नाकावरची फ्रेम नीट करतो आणि मग म्हणतो, "या, बसा." त्याची बायको गुणमाला म्हणते, "यम न्यायला आला तर आधी त्याच्या रेड्याची वेसण सरळ कराल तुम्ही." हा हसतो. खोड जित्याची, ती मेल्याशिवाय थोडीच जाणार?

आणि अशा माणसाला नाद लागावा तो घड्याळांचा. तीही चावीची नव्हेत. चावीच्या घड्याळांमागं सगळं जग धावतंय, तिथं सम्मेदला कोण विचारतो? त्याचा जीव चाळीसेक वर्षांमागच्या जपानी, सेलवर चालणाऱ्या घड्याळांवर. मोठ्या तबकडीत छोट्या तबकड्या, उजव्या अंगाला किल्ली, किल्लीच्या वर एक बटण आणि खाली एक. वरचं दाबलं की मधला लांब काटा पळत्या माणसाची वेळ मोजायला लागतो, परत दाबलं की थांबतो. छोट्या तबकडीत मिनिटं दिसतात. त्या काळी पळण्याच्या शर्यतीला असलं घड्याळ ज्याच्या मनगटावर, तो पंच.

अस्सल घड्याळ ओळखायची त्याची रीत ठरलेली. मागच्या झाकणावर नंबर असतो, त्यातून साल कळतं. तबकडीच्या अगदी तळाला, सहाच्या आकड्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दुसरा नंबर असतो. दोन्हींचा मेळ बसला तर माल अस्सल, नाही बसला तर तबकडी कुणीतरी रंगवून चिकटवलेली. तेवढं झालं की शेवटची परीक्षा. सेल संपला की लांब काटा असेल तिथंच मरून पडतो. नवा सेल टाकला तरी त्या सेलला मागचं काय माहीत? तो त्या वाकड्या जागेलाच बारा धरून चालतो. मग किल्ली बाहेर ओढायची आणि बटण दाबत दाबत काटा बारावर आणायचा. काटा आला बारावर की यंत्र जिवंत. सम्मेदला सगळ्या नादात हाच क्षण फार आवडायचा.

असली घड्याळं मिळायची ती सातारच्या बाजूला. घरटी एक फौजी असलेली गावं ती. कुणी आखातातून आणलेलं, कुणी कुठल्या मोहिमेवरून, आणि आता ते पेटीच्या तळाशी डांबरगोळ्यांत पडलेलं. रविवारी दुकान बंद ठेवून सम्मेद मोटारसायकल काढायचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकानं त्याला सांगितलं, पाटणच्या अलीकडं वारलेल्या एका हवालदाराचं घर आहे, तिथं एक बटणांचं घड्याळ आहे, बघून या.

हवालदाराची बायको अनसूया अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होती. घड्याळाचं नाव काढताच तिचे हात थांबले.

"इकायचं न्हाई आमाला," ती म्हणाली.

"विकू नका की. नुसतं बघू तरी द्या. एवढ्या लांबून आलोय."

दारात आलेल्या माणसाला नुसतं परत पाठवायचं तिच्या जिवावर आलं. तिनं आतनं रुमालात बांधलेली पुरचुंडी आणली.

"बगा. पर कुटं दाबू नगा, फिरवू नगा. आमच्या ओवीनं बजावलंय. पोरगी पोलिसात लागली, टरेनिंगला हाय. ती यीस्तवर हात लावायचा न्हाई म्हनती. तिनंबी अजून बगितलं न्हाई, आन् मला त्यातलं काय कळत न्हाई. तिच्या बानं तिची पळायची वेळ धरलीया त्यात. शेवटची."

"नाही हो, हात कशाला लावतोय," सम्मेद म्हणाला. ती चहा टाकायला आत गेली.

इथं काय झालं ते सरळच सांगायला हवं, कारण सम्मेदनं ते स्वतःला शंभर वेळा वाकडं करून सांगून बघितलंय. कुणी त्याला भुलवलं नाही, कुणी घाई केली नाही. त्यानं भिंग लावलं, झाकणावरचा नंबर बघितला, सहाखालचा नंबर बघितला. दोन्ही जुळले. माल अस्सल. दोन्ही नंबरांचे अगदी जवळून फोटो काढले. मग काय, हात आपोआप खिशात गेला. खिशात सेल होता, झाकण उघडायची पट्टीही होती. जुना सेल ओलसर झाला होता, म्हणजे तो काढणं बरंच, असं मनाशी म्हणायलाही त्याला सुचलं. नवा सेल बसवला. लांब काटा कुठंतरी वाकडा उभा होता. ते त्याला बघवलं नाही. किल्ली ओढली आणि बटण दाबत दाबत काटा बारावर आणला. छोटा काटाही आणला.

काटा बारावर टेकला आणि मग त्याला बाईचे शब्द ऐकू आले. म्हणजे कानांनी मघाशीच ऐकले होते, पण ते डोक्यात आत्ता पोचले. तिच्या बानं वेळ धरलीया त्यात. शेवटची.

आता काटा कुठं होता? त्यानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. सहाखालचा नंबर त्याला अक्षरन् अक्षर आठवत होता. तबकडीच्या कडेचा पिवळेपणा आठवत होता. काटा तेवढा आठवत नव्हता. घाईघाईनं मोबाइलमधले फोटो काढून बघितले, तर एकात झाकण आणि दुसऱ्यात तळाचा नंबर. त्या घड्याळात माणसानं ठेवलेली एकच गोष्ट होती आणि त्यानं ती सोडून सगळं बघितलं होतं.

अनसूया चहा घेऊन आली तेव्हा त्यानं घड्याळ रुमालात गुंडाळलं होतं.

"काटा हलला न्हाई न्हवं?"

"नाही," सम्मेद म्हणाला. मग जीभ सैल सुटली. सेल गळायला लागलाय, आतलं यंत्र खाईल, मी सांगलीला नेतो, नीट साफ करून ठेवतो, ओवीताईंना म्हणावं आल्यावर घेऊन जा. निम्मं खरं होतं, म्हणून तर ते इतकं सफाईनं आलं. बाईनं विश्वास ठेवला. वर पिशवीभर शेंगा दिल्या. त्या शेंगा घरी गुणमालेनं उकडल्या, पण सम्मेदच्या घशाखाली एकही उतरली नाही.

"बरं नाही का?" तिनं विचारलं.

"पित्त झालंय," तो म्हणाला.

पुढचे काही महिने त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुणाच्या नंबराची काच कुणाच्या फ्रेमला जायला लागली. अनसूयाला फोन लावून खरं सांगून टाकावं, असं रोज सकाळी ठरवायचा आणि दुपारपर्यंत ढेपाळायचा. शेवटी त्याला एक वाट सापडली आणि भित्र्या माणसाला सापडते तशीच ती होती. ज्या हातानं काटा बारावर आणता येतो त्याच हातानं तो कुठंही नेऊन ठेवता येतो. सेल काढून घेतला की काटा तिथंच राहणार. बाईला त्यातलं कळत नाही आणि पोरीनं अजून बघितलेलंच नाही. मग कुठं ठेवायचा? त्यानं चौकशी केली. पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर पळावं लागतं आणि तीन मिनिटांच्या आत आली तर पोरगी चांगली. त्यानं काटा तीन मिनिटांच्या थोडा आत नेऊन ठेवला. बापानं धरलेली शेवटची वेळ, पोरगी चांगली पळालेली. तिला तेवढाच आनंद. असं स्वतःला समजावून त्यानं घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

ओवी आली ती भर दुपारी, खाकी वर्दीत. सांगलीतच बंदोबस्ताला आली होती म्हणे. उंच, काटक, बोलायला मोकळी.

"काका, आईनं सांगितलं तुम्ही घड्याळ जपून ठेवलंय."

"ठेवलंय की. बसा." सम्मेदनं ड्रॉवर उघडला. तिची फ्रेम सरळ करायला तिला चष्माही नव्हता, त्यामुळं त्याच्या हातांना काही उद्योग उरला नाही.

"थांबा, लगेच देऊ नका," ती म्हणाली. ती स्टुलावर बसली आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून त्या हातांकडंच बघत राहिली. "मी अजून बघितलं नाही ते. धाडस झालं नाही."

"का हो? वेळच तर आहे."

"वेळ नाही बघायची मला." तिनं डोक्यावरची टोपी काढून काउंटरवर ठेवली. "आप्पा रोज सकाळी माळावर माझी वेळ धरायचे. बाभळीपाशी उभे राहायचे, मी माळाला चार फेऱ्या मारायची, म्हणजे आठशे मीटर. त्या दिवशी तिसऱ्या फेरीला मी त्यांच्यासमोरनं गेले तर ते बुंध्याला टेकून बसले होते. हात वर केला नाही त्यांनी. रोज करायचे. मला वाटलं हळू पळतीय म्हणून रागावलेत. म्हणून मी आणखी जोर लावला. थांबले नाही, काका. चौथी फेरी पुरी केली आणि मग जवळ गेले. तवर संपलं होतं सगळं. घड्याळ मुठीत होतं आणि अंगठा बटणावर."

सम्मेदचा हात ड्रॉवरमध्येच राहिला.

"म्हणजे बघा," ती म्हणाली, "काटा माझ्या पुऱ्या वेळेवर थांबला असंल, तर मी येईपर्यंत आप्पा शुद्धीवर होते, मला येताना बघून त्यांनी दाबलं. आणि त्याच्या आधी थांबला असंल, तर ते पडतानाच बटण दाबलं गेलं. मी त्यांच्यासमोरनं पळत गेले आणि ते मरत होते. इतके दिवस मी एवढंच डोक्यात घेऊन हिंडतीय. आता म्हटलं, काय असंल ते एकदाचं बघून टाकू."

सम्मेदनं ड्रॉवरमधल्या घड्याळाकडं बघितलं. तीन मिनिटांच्या आत. पोरीला खूश करायला ठेवलेली वेळ. ती पोरीला काय सांगणार होती, ते त्याला आता कळलं.

खरं सांगायची हीच वेळ होती. ताई, काटा मी हलवला, तुमच्या वडिलांनी कुठं थांबवला ते मला माहीत नाही आणि आता कुणालाच कधी कळणार नाही. बस्स, एवढंच बोलायचं होतं. त्यानं तिच्याकडं बघितलं. ही पोरगी न्याय मागायला आली होती आणि न्यायाधीशच आपण मारून टाकलेला.

"तुमची पुरी वेळ तेव्हा काय असायची?" त्यानं विचारलं.

"सव्वातीन मिनिटांच्या आसपास. त्याच्या आत कधीच नाही. आप्पा त्यावरनंच बोलायचे."

"काचेवर बुरशी आलीय. पुसून देतो, नाहीतर दिसायचं नाही."

तो मागच्या टेबलाकडं वळला. पाठ तिच्याकडं होती. सेल घातला, किल्ली ओढली, बटण दाबलं. छोटा काटा तीन मिनिटांवर आणि लांब काटा पंधरा सेकंदांच्या थोडा पुढं. सेल काढला, काच उगाचच पुसली. यात दया किती आणि स्वतःची कातडी वाचवणं किती, हे त्याला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. त्याला इतकंच कळलं की पहिलं पाप चुकून झालं म्हणता आलं असतं, हे तसं म्हणता येणार नाही.

ओवीनं घड्याळ दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मग बोटानं छोटी तबकडी दाखवत विचारलं, "ही तीन मिनिटं ना? आणि हे वरचे सेकंद?"

"हो."

"सव्वातीनच्या पुढं," ती म्हणाली. "पुढंच आहे की हो." आणि ती वर्दीतली पोरगी काउंटरवर डोकं टेकून रडायला लागली. सम्मेदनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि तो भिंतीकडं बघत उभा राहिला. भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता जरा तिरका झाला होता. त्यानं तो तसाच राहू दिला.

डोळे पुसून ती हसली. "बसून का होईना, बघत होते. मला येताना बघितलं त्यांनी."

"हो," सम्मेद म्हणाला.

"काका, तुमचे लय उपकार झाले. दुसरा कुणी असता ना, तर हातात आल्या आल्या बटणं दाबून बघितली असती."

सम्मेदनं पाण्याचा ग्लास उचलून मागच्या टेबलावर नेऊन ठेवला.

तिनं घड्याळ परत त्याच्या हातात दिलं. "आता सेल टाका त्यात. आणि तो काटा बारावर आणा. मी वापरणार आहे हे. सकाळी पोरींना पळायला घेते मी, त्यांची वेळ धरीन."

सम्मेदनं तिच्या डोळ्यांदेखत सेल बसवला. किल्ली ओढली. बटण दाबत दाबत लांब काटा बारावर आणला, छोटाही आणला. पहिल्यांदाच मालकिणीच्या परवानगीनं. ती कौतुकानं बघत होती. काटा बारावर टेकला आणि त्याच्या मनात आलं, आता सांगायचं म्हटलं तरी या पोरीचा बाप पुन्हा एकदा मारल्याशिवाय सांगता येणार नाही.

त्यानंतर त्याचा नाद सुटला असं नाही. अजूनही रविवारी मोटारसायकल निघते. पण कुणी पेटीतनं बंद घड्याळ काढलं की तो भिंग खिशातच ठेवतो आणि आधी काटा बघतो. मग विचारतो, "हे इथं का थांबलंय?" लोक म्हणतात, सेल संपला म्हणून, दुसरं काय? तरी तो विचारतोच.

पर्युषण संपल्यावर क्षमावणीच्या दिवशी जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो. सम्मेदही सकाळपासून फोन घेऊन बसतो. भाऊबंद, व्याही, शेजारी, गिऱ्हाइकं, ज्यांचं कधी काही बिघडवलं नाही अशांनाही तो फोन लावून मनापासून म्हणतो, "उत्तम क्षमा." यंदा फोनमधली नावं एकेक करत ओवीचं नाव आलं. तिनं आदल्याच दिवशी फोटो पाठवला होता. माळावर पोरी पळतायत आणि तिच्या मनगटावर ते घड्याळ. खाली लिहिलं होतं, काका, एकदम करेक्ट चालतंय.

त्यानं तो फोटो बघितला आणि पुढच्या नावाला फोन लावला.