काटा थंडच होता

नाटे बंदरावर त्यांना सगळे 'वैद्य' म्हणत. औषधाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते तांडेल होते, म्हणजे होडीचे कारभारी. पण होडीच्या मागे लावलेल्या इंजिनाच्या टोपावर ते असा काही हात ठेवत, की तापाने फणफणलेलं पोर पुढ्यात निजलंय असं वाटावं. क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, "कणकण हाय. आज लांब नको." बहुतेक वेळा ते खरं निघे. मी इंजिनं दुरुस्त करणारा. मला कळण्याआधी त्यांच्या हाताला कळतं, याचा मला थोडा रागही यायचा.

दुसरी खोड मागे वळून पाहण्याची. इंजिन थंड राहावं म्हणून ते समुद्राचं पाणी आत ओढतं आणि मागच्या बारीक भोकातून त्याची धार बाहेर सोडतं. वैद्य दर थोड्या वेळाने मान वळवून ती धार बघत आणि म्हणत, "मुततंय ना? मग जगतंय." होडीवर त्यांचा भाचा प्रकाश असे. तो चेष्टा करी, "मामा, जरा पुढं पण बघा. खडक काय मागनं येत नाय." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "खडक आपल्या जागी असतो रे. इंजिनाचा भरवसा नाय."

एका वर्षी, मासेमारी सुरू व्हायच्या तोंडावर, ते एकटेच माझ्या दुकानात आले. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. ते सोडून त्यांनी तळवा पुढे केला. कातडी सोलून निघाली होती. "इंजिन तापलेलं कळलंच नाय, मिस्त्री. फोड आला तेव्हा दिसलं." साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाली होती. "कुणाला सांगू नको हां. वैद्याचा हात गेला म्हटलं की तांडेली पण गेली."

मी म्हणालो, "काका, गाडीत असतो तसा तापाचा काटा बसवू. हात लावायची गरजच नाही."

ते किती दिवसांनी हसले असतील कुणास ठाऊक. "म्हणजे वैद्याला थर्मामीटर!"

आता जे लिहितोय ते मी दोन-अडीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. काट्याला जोडलेला सेन्सर इंजिनाच्या डोक्यावर, धातूला चिकटून बसायला हवा. तसा सेन्सर मुंबईहून मागवावा लागला असता. पंधरा दिवस गेले असते. माझ्याकडे एका भंगार जीपचा सेन्सर पडला होता, तो पाण्यात बुडूनच चालणारा. मी धारेची नळी कापली आणि मध्ये तो बसवला. पाणी तापलं की काटा चढणार, हे बरोबरच होतं. पण पाणीच थांबलं तर? सेन्सर कोरडा पडेल, इंजिन जळत असताना काटा खाली उतरेल. नळीची पट्टी आवळताना हा विचार माझ्या मनात आला होता, स्पष्ट आला होता. मी स्वतःला म्हणालो, पाणी थांबलं तर धार थांबलेली त्यांना दिसेलच की.

आणि होडी ताब्यात देताना मीच त्यांना म्हणालो, "आता मागे मान वळवायची नाही, काका. फक्त या काट्याकडे बघायचं."

त्यांनी ते गुरूने दिलेल्या मंत्रासारखं पाळलं. दसऱ्याला काट्याच्या काचेला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. निघताना तिथे बोट टेकवून ते कपाळाला लावत. भेटेल त्याला सांगत, "मिस्त्रीनं मला नवा हात दिला." मी ऐकून घ्यायचो.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी परत येताना, खाडीच्या तोंडाशी, इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली. तिथे लाट उठते; तिच्या पुढे राहायचं तर वेग लागतो. वैद्यांनी वेग दिला. इंजिन जाम झालं. लाटेने होडी आडवी केली आणि खडकावर आपटली. दोघेही वाचले, पण प्रकाशचा पाय होडी आणि खडक यांच्यात सापडला. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही.

धक्क्यावर लोकांनी घेरलं. "काय वैद्य, काटा काय करत होता?" कुणीतरी विचारलं. मी मागेच उभा होतो.

"मी बघितलंच नाय काट्याकडं," ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर दोघेच होतो. ते हळू आवाजात म्हणाले, "काटा खाली गेला रे. थंडच दाखवत होता. मला वाटलं बरं चाललंय, म्हणून मी वेगाची मूठ अजून पिळली." मी मान वर केली नाही. "हे तुलाच सांगतंय. बाहेर कळलं तर तुझ्याकडं इंजिन कोण आणील? तुला दोन पोरी हायत. माझा हात तसा पण गेलाच होता."

मी त्यांच्या पाया पडलो आणि निघून आलो. नको म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही.

पुढे त्यांना कुणी होडीवर घेतलं नाही. ते वाळूत बसून लोकांची जाळी विणत. बधिर बोटांना सुई टोचे, रक्त येई, ते दुसरंच कुणीतरी दाखवी. कुणी वेंधळेपणा केला की बंदरावर म्हणत, "वैद्य झालास काय?" ते समोर असले तरी म्हणत. प्रकाशने त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षं असंच चाललं. मग शिमग्याच्या आधी वैद्य गेले. प्रकाश स्मशानात लांब उभा होता.

तेराव्याला मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. नळी, सेन्सर, पट्टी आवळताना आलेला विचार, सगळं. त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मिस्त्री, दोन वर्षं मी मामाशी बोललो नाय. त्या दोन वर्षांचं आता काय करू?"

 

प्रकाशची आता स्वतःची लहान होडी आहे. इंजिन तो माझ्याकडेच आणतो, दुसरीकडे जात नाही. आणतो, काय बिघडलंय तेवढं सांगतो आणि पाय लांब करून बाकावर बसतो. एकदा बाजूला बसलेल्या कुणीतरी आपल्या वेंधळ्या सोबत्याला सहज चेष्टेत म्हटलं, "वैद्य झालास काय रे?" प्रकाशने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगा, मिस्त्री."

मी पाना खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यानंतरही कितीदा सांगितलं. समोरचा माणूस नवा असतो. प्रकाश तोच असतो, आणि माझं सांगून होईपर्यंत तो उठत नाही.