सुका लंगोट

माझी पहिली मुलगी अकरा दिवस जगली. नोटा बंद झाल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, रानशेतला, माझ्या आईच्या घरी. बाराव्या दिवशी बारसं होतं, ते राहिलंच.

ते घर आधी कुडाचं होतं. कारवीच्या भिंती, वर गवत, भर दुपारी पण आत गार. मी सातवीतून शाळा सोडली त्या साली बापाने गवत काढून पत्रे टाकले. आम्ही किती खूश, आता दरसाल छप्पर शाकारायला नको. उन्हाचं कोणाच्या मनातच आलं नाय.

आमच्यात बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात. निखारे विझू द्यायचे नाय. दार लावायचं, फटीत चिंध्या कोंबायच्या. पाणी घोटभरच, ते पण गरम, जास्त प्यायलं तर पोट सुटतं म्हणतात. आईने आम्हा चौघांना असंच वाढवलं, पण ते कुडाच्या घरात, नि तेव्हा वैशाख असा नव्हता. त्या साली चिकूच्या वाडीवर गेलेल्या बाया सकाळी दहालाच परत यायच्या, उभं राहवत नाय म्हणायच्या.

मी म्हटलं, "आई, जीव घुसमटतो. शेगडी काढ ना."

"गप पड. मला शिकवतेस? वात धरला तर तुझी सासू मला बोलेल."

मी गप पडले. घामाने गोधडी भिजायची, दूध कमी कमी येत होतं, नि पोरगी टोपडं घालून दोन फडक्यांत गुंडाळलेली. आधी खूप रडायची. मग रडायची थांबली.

शेजारची काकी बघायला आली. "काय शहाणी पोर गं! माझी तर जन्मल्यापासून माझ्याशी भांडते, अजून हरली नाय."

आम्ही हसलो. आई लंगोट बदलायला जायची तर सुकाच. "बघ, आजीला धुणं नको म्हणते," आई म्हणायची. मला पण बरं वाटायचं.

अकराव्या दिवशी आशाताई वजन करायला आली. दार ढकललं नि मागेच सरकली. "अगं बाय, ही खोली आहे का भट्टी?" तिने पोरीचे कपडे सोडले, टाळूवर बोट ठेवलं. टाळू खोल गेली होती.

"शू कधी केली हिने?"

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. "लंगोट सुका हाय तिचा," आई म्हणाली, अजून जरा कौतुकानेच.

ताईने लगेच फोन लावला. गाडी आली. दवाखान्याच्या वाटेवर, सरावलीच्या अलीकडे पोरगी माझ्या मांडीवर एकदम सैल पडली. मला वाटलं झोपली. शहाणीच होती ना.

आईने शेगडी विहिरीमागे नेऊन फोडली. मला कोणी काय बोललं नाय, आईला पण नाय.

आता दुसरी मुलगी झालीय, परत वैशाखातच. आई पत्र्यावर भिजवलेली पोती टाकते, दार उघडं ठेवून ओली साडी बांधते, मला तांब्या भरून पाणी पाजते. काकी म्हणते पोट सुटेल, आई म्हणते सुटू दे. पण पोरगी जरा गप झाली की मी तिला चिमटा काढते, रडली की मगच सोडते. आई तर दर थोड्या वेळाने लंगोटात हात घालते.

आज दुपारी आईच्या हाताला सुका लागला. मी पोरीला अंगाशी लावून पाजत राहिले, आईचा हात तिच्या खाली तसाच. किती वेळ बसलो काय माहीत.

मग आई म्हणाली, "भिजला गं."

नि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. पहिलीला नाव नव्हतं, म्हणून नुसतं "बाय गं, माझी बाय" करत.