म्हशीनं खाल्लेला सातपुडा

इंग्लंडला निघालो तेव्हा अकोला स्टेशनावर मला सोडायला इतकी माणसं आली होती, की ती सगळी आत बसली असती तर रेल्वेला आणखी एक इंजिन लावावं लागलं असतं. मायनं दिलेल्या शिदोरीच्या वजनानं डबा एका अंगाला कलला, हे मी आजही शपथेवर सांगतो. माय रडत होती. गाडी उशिरा आली म्हणून बाबा हमालाशी भांडत होते, जणू तोच ती ढकलत आणत होता. माझा मोठा भाऊ, दादा, खिडकीशी आला आणि एवढंच म्हणाला, "तू येशीन तवर पट मोडत नाई मी. पाळी तुयी हाय."

हिवरखेडात राहिलेल्यांनो, तुम्हाला आमचा पट ठाऊक आहे. माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांसाठी सांगतो. गोठ्यालगतच्या खोलीत दोन ड्रमांवर एक मोडकं दार आडवं टाकलेलं, आणि त्यावर आमची लढाई. चार भोकांची बटणं माझं सैन्य, दोन भोकांची दादाचं. चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदाची नदी, काड्यापेट्यांची तटबंदी, बियाण्याच्या खोक्यांची गावं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सुकल्या शेंड्यांना शाईत बुडवलेला कापूस चिकटवून झाडं. माय ओरडायची, "बाप्पा, घर हाय का भंगारवाल्याचा गाडा?"

डोंगर मात्र जमेनात. मग दादाच्या डोक्यात आलं, म्हशीच्या खाण्यातली सरकीची ढेप भिजवून थापली तर वाळल्यावर दगडासारखी होते. आम्ही अख्खा सातपुडा थापला, शिखरांसकट, आणि दार उचलून वाळायला अंगणात ठेवलं. माझं सैन्य नुकतंच खिंडीत शिरलं होतं. तेवढ्यात म्हैस सुटली आणि तिनं सातपुडा खाल्ला. डोंगर, खिंड आणि माझे सात शिपाई. संध्याकाळी तिनं इतकं दूध दिलं, की हिवरखेडात तीन दिवस कोणी कोरा चहा प्यायला नाही. बाबा हसू दाबत म्हणाले, "सातपुडा खानारी म्हैस साऱ्या तालुक्यात आपलीच हाय." पुढचे डोंगर आम्ही कागदाच्या लगद्यात बाभळीचा डिंक घालून केले.

इंग्लंडात आलो तर काय! दर शनिवारी एका हॉलमध्ये पिकल्या केसांचे बाप्ये टेबलावर लढाया खेळत होते. डोंगरझाडांना ते 'टेरेन' म्हणतात आणि ऑनलाइन मागवतात. मी सीरियलची खोकी, अंड्यांचे ट्रे आणि वाळवलेला कॉफीचा चोथा घेऊन पोचलो. ती काळी माती मी अशी पसरली, की एका म्हाताऱ्यानं वाकून वास घेतला आणि विचारलं, यात काय पेरतात?

रविवारी दादाला फोन. मी चाल सांगायची, बटण त्यानं सरकवायचं, फासा दोघांचा त्यानंच टाकायचा. माझ्या वाट्याला सहा इतके यायचे, की त्या फाशाला बाकीच्या बाजू होत्या की नाही, देव जाणे.

मग ती वर्षं आली. कापूस बुडायचा तेव्हा पट बहरायचा. "यंदा जंगल लय दाट झालं," दादा सांगायचा. म्हणजे पऱ्हाटीला बोंडं नव्हती, नुसत्या काड्या. "खोके जमले, अजून एक गाव वसवलं." म्हणजे पेरलेलं उगवलं नव्हतं, बियाणं पुन्हा आणलं होतं. मला कळायचं. मला कळलं, हे त्यालाही कळायचं.

"दादा, कुमक पाठवू?"

"कुमक नको. डाव खेळ."

मी खेळलो. एवढा बडबड्या मी. पण 'दादा, कसा आहेस' हे बटणांना वगळून एकदाही विचारलं गेलं नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग डावही थांबला असता, असं वाटायचं.

एका रविवारी त्यानं चालच विचारली नाही. वावर दुसऱ्याला मक्त्यानं कसायला देऊन तो अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला होता. बडनेऱ्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. मी सुट्टी काढून गेलो. वहिनीनं चहा ठेवला. मी पट शोधत दोन्ही खोल्यांतून नजर फिरवली.

"मोडला," दादा म्हणाला. "इथं न्हाणीले दार नव्हतं. तेच लावलं."

"आणि डोंगर?"

"बंबात गेले." तो टीव्हीकडे पाहत राहिला. "पट मोडते तो हारते. तू जिंकला."

आयुष्यात मला कुठल्याही गोष्टीला तिखटमीठ लावता आलं आहे. त्या वाक्याला लावता आलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पुन्हा मांडू ना दादा. तुझ्या कारखान्यात तर चिंध्यांचे ढीग असतील."

तो पहिल्यांदाच हसला. "येडा झाला काय? सुटताना गेटवर खिसे पाह्यतेत. तिथं चिंधीबी मालकाची असते."

विमानात मी त्यावरच विचार करत होतो. हिवरखेडात पाऊस आभाळाचा होता, भाव बाजाराचा होता. पण सुकल्या काड्या, फाटकी खोकी, तुटकी बटणं आमची होती. कोणाला न विचारता उचलावीत आणि त्यांचं राज्य करावं. घर म्हणजे मला आता तेवढंच वाटतं. दादाला महिन्याचा पगार आहे. माझ्या दारात कचऱ्याचे चार रंगांचे डबे आहेत, ठरल्या वारी गाडी येऊन रिकामे करते. आपलं म्हणावं असं भंगार आम्हा दोघांकडेही उरलेलं नाही.