आहे की आहेत?

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. तीस वर्षं इंग्लंडात पोलिसाची नोकरी केली. चोर पकडले, ठग पकडले, एकदा तर लग्नाच्या हॉलमधून नवरदेव उचलला. पण माझ्याच मातृभाषेने माझी परीक्षा घेतली ती या एका प्रकरणात.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा लंडनच्या वायव्य भागातल्या एका ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. बुधवारी दुपारी डबा उघडतोय तोच इन्स्पेक्टरांचं बोलावणं आलं. क्राउन कोर्टातल्या एका खटल्यात ज्युरीमधल्या एका बाईवर खटल्याबद्दल बाहेर बोलल्याचा संशय होता. बाई मराठी होती, म्हणून चौकशी माझ्या गळ्यात पडली.

ज्युरीची रीत इथे साधी आहे. मतदार यादीतून नावं निघतात, घरी पत्र येतं आणि मग जावंच लागतं. बसचालक, शिक्षिका, दुकानदार असे कुणीही बारा जण शपथ घेऊन बसतात आणि आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवतात. या खटल्यात लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या एका गोदामाच्या सुपरवायझरने कामगाराला माल चढवायच्या फलाटावरून ढकललं, असा आरोप होता. त्या माणसाची कंबर कायमची गेली होती. व्हीलचेअरवर बसून, घाम पुसत, तो दोन दिवस साक्ष देऊन गेला होता. ज्युरी बरखास्त झाली असती तर बिचाऱ्याला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

खबर दिली होती ज्युरीतल्याच दुसऱ्या एका मराठी तरुणाने. जेवणाच्या सुट्टीत बाई फोनवर बोलत होत्या, ते त्याने ऐकलं आणि जज्जना इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीचा अर्थ असा: ‘केस हातची जाणारच आहे. माझं ठरलंय. घाबरू नकोस. शुक्रवारी मी स्वतः सगळं संपवून टाकते.’ आणि ज्युरी विचारविनिमयाला बसणार होती ती शुक्रवारीच. चिठ्ठी वाचून मी मनात म्हटलं, झालं, बाई कामातून गेल्या.

जज्जनी गुरुवारी सकाळी दहापर्यंत मुदत दिली. अट एकच होती, ज्युरीच्या आतल्या चर्चेबद्दल एक अक्षर विचारायचं नाही.

बाई जवळच्याच पिनर भागातल्या, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. वय पन्नाशीचं. राखाडी कार्डिगन, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात घट्ट. वकील नको म्हणाल्या. टेपरेकॉर्डरमध्ये दोन कॅसेट घातल्या, गप्प राहायचा हक्क आहे हे रीतसर वाचून दाखवलं आणि विचारायला सुरुवात केली.

“फोन कुणाला केला होता?”

“बहिणीला.”

“बहीण कुठे असते?”

“स्लाऊला.”

आरोपीही स्लाऊचाच. “काय बोललात?”

“ते नाही सांगणार.”

“ताई, लपवण्यासारखं काही नसेल तर सांगायला काय हरकत आहे?”

“लपवण्यासारखं आहेच. पण ते कोर्टाचं नाही, घरचं आहे. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय.”

“बरं, केसबद्दल बोललात की नाही, एवढंच सांगा.”

“अहो साहेब, केसबद्दल कुणाशीही बोलायचं नाही असं जज्जसाहेबांनी बजावलंय. आता तुम्ही ‘कुणाशीही’मध्ये येता की नाही, ते तुम्हीच बघा.”

चाळीस मिनिटं हेच चाललं. बाई म्हणजे पक्की सुपारी, काही केल्या फुटेना. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हणालो, “एवढ्या लोकांत आपल्या माणसांचं नाव घालवलंत हो!” ते वाक्य टेपवर आहे. पोलिसाने बोलायचं वाक्य ते नव्हतंच.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. “माझं नाव गेलं तर जाऊ दे. शब्द नाही जाणार.”

सकाळी पुन्हा येऊ असं सांगून त्यांना घरी सोडलं. इन्स्पेक्टर म्हणाले, “सकाळी नऊला अटक कर, फोन जप्त कर.” म्हणजे ज्युरी बरखास्त आणि बाईंवर कोर्टाच्या अवमानाचा खटला. तुरुंगसुद्धा होऊ शकला असता. शाळेतली नोकरी तर गेलीच असती.

मी फाईल पुन्हा उघडली. काहीतरी टोचत होतं. मूळ कागद पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही माझी जुनी सवय. इथे मूळ होतं कुठे? बाई मराठीत बोलल्या, आणि आम्ही सगळे एका इंग्रजी चिठ्ठीवर नाचत होतो. मूळ वाक्य मीसुद्धा विचारलं नव्हतं. गाडी काढली आणि त्या खबर देणाऱ्या तरुणाचं वॉटफर्ड गाठलं.

तो तरुण चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. इथेच जन्मलेला, सरळ मनाचा पोरगा. दुकान बंद करता करता घाबरून म्हणाला, “अंकल, मी काय राँग केला का?”

“नाही रे. ती जे बोलली ते जसंच्या तसं मराठीत म्हण. अर्थ नको, आवाज हवा.”

त्याने डोळे मिटले. पाठांतर चोख होतं. “केस जाणारच आहेत. माझं ठरलंय. घाबरू नकोस. शुक्रवारी मी स्वतः सगळे काढून टाकते.”

मी ताडकन उभा राहिलो. “थांब! आहे की आहेत?”

“आहेत.”

“नक्की? शपथेवर सांगशील?”

“हो, आहेत. कोर्टाचा केस आहे ना, म्हणून रिस्पेक्ट. माझा आजी सांगायचा, मोठ्यांना ‘आहेत’ म्हणायचं.”

हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. अरे बाबा, कोर्टाची केस जाणार असती तर ती ‘जाणार आहे’. ‘जाणार आहेत’ ते डोक्यावरचे केस! कोर्टाला इतका मान आजवर कुणी दिला नसेल.

तिथून थेट पिनर. सोबत एक महिला कॉन्स्टेबल घेतली. दार उघडताच बाई म्हणाल्या, “सकाळी येणार होतात ना?” पर्स हातातच होती. अटकेच्या तयारीत बसल्या होत्या.

मी खटल्याचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, “ताई, कुणाचे केस?”

त्यांनी पर्स बाजूला ठेवली. इतका वेळ आवरलेलं रडू तेव्हा फुटलं. अर्धं मी ओळखलंच होतं, उरलेलं त्यांनी सांगितलं. धाकट्या बहिणीला कॅन्सर होता, औषधाने केसांचे पुंजके उशीवर यायला लागले होते. घरात तिच्या सासूबाईंना हृदयाचा त्रास, म्हणून बहिणीने शपथ घातली होती, कुणाला कळू द्यायचं नाही. बाईंनी शुक्रवारी कोर्ट सुटल्यावर जाऊन तिचे उरलेले केस स्वतःच्या हाताने काढून टाकायचं ठरवलं होतं. केस कापायचं यंत्र स्वयंपाकघरात होतं, खोकंही न फोडलेलं.

“मग कोर्टाला सांगून ज्युरीची तारीख पुढे ढकलायची होती,” मी म्हणालो.

“कारण लिहावं लागलं असतं, साहेब.”

त्यांनी माझ्यासमोर बहिणीला फोन लावला. चौकशीचं सगळं सांगितलं. पलीकडून एक बारीक आवाज ठामपणे म्हणाला, “तायडे, तू तुरुंगात गेलीस तर मी केस ठेवून काय करू? सकाळी मी येते.”

आणि आली. डोक्याला निळा रुमाल बांधून ती जज्जच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून बाहेर पडली. खटला पुढे सुरू झाला, ज्युरीत तेच बारा जण. निकाल त्या कामगाराच्या बाजूने लागला. आत कोण काय बोललं ते मला माहीत नाही, माहीत असायलाही नको.

पुढे नव्या पोलिसांना शिकवताना मी हेच सांगत आलो: माणूस ज्या भाषेत बोलला, त्याच भाषेत आधी लिहून घ्या. आणि गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, कुणीतरी नुसता शब्द पाळत असतो.

काही वर्षांनी वॉटफर्डच्या एका दुकानात कोथिंबीर निवडताना दोघी बहिणी भेटल्या. धाकटीच्या खांद्यावर जाड वेणी होती. ते टेपवरचं वाक्य मला तेव्हापासून सलत होतं. म्हणालो, “ताई, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो...”

त्यांनी हात वर करून मला अडवलं.

“त्या केसबद्दल नाही हो बोलायचं, साहेब. जज्जसाहेबांनी बजावलंय.” मग बहिणीची वेणी हातात घेऊन त्या माझ्याकडे बघून हसल्या. “या केसांबद्दल मात्र विचारा काय ते!”