वैभवचा उजवा कान

एवढं लांब मराठी मी शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितेय, आणि शाळाही इंग्लिश मीडियम... तेव्हा सांभाळून घ्या. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. फोटोत काही विचित्र दिसलं की मी आधी लेन्स पुसते.

मी वाशीमला राहते आणि लग्नाचे फोटो काढते. गेल्या हिवाळ्यात मेडशीच्या कोमलचं प्री-वेडिंग शूट उदयपूरला ठरलं. तिच्या वडिलांची अट होती – फोटोग्राफर मुलगीच हवी आणि सोबत तिच्या काकू जाणार. म्हणून काम मला मिळालं.

रेल्वेत मी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत बसले होते, पण ऐकू सगळं येत होतं. कोमलचा एकुलता एक भाऊ गोपाल दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. तो आता आपल्या मुलाने, सागरने घ्यावा, असं काकूंचं म्हणणं होतं.

"कोनीच नाही पिळणार," कोमल म्हणाली. "तो मान गोपालचा होता."

"मंग माया सागर तुया भाऊ नाही काय वं? असं असंन तर आमी मांडवात कायले येऊ?"

नवरदेव वैभव दोघींच्या मध्ये बसून शेंगा सोलत होता. "माया कानावरून भांडून राह्यल्या, अन् मले कोनी इचारतच नाही," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

उदयपूरला सकाळी साडेसातला पिछोला तलावाच्या घाटावर शूट सुरू केलं. दोघं समोरासमोर, हातात हात. काकू माझ्या मागे पायरीवर बॅगा सांभाळत बसलेल्या. वैभवच्या मागे फक्त पाणी. मी बटण दाबून धरलं – सलग नऊ फ्रेम्स.

"आई गं! कान काहून ओढून राह्यली वं?" वैभव ओरडला.

"माहे दोनी हात तुमच्या हातात हायेत!"

"मच्छर असंन," काकू मागून म्हणाल्या. "तळ्याकाठी उभं केलं पोट्ट्याले."

त्याचा उजवा कान लालभडक झाला होता. मी म्हटलं, एडिटिंगमध्ये बघू.

आणि तसंच केलं. नऊपैकी चार फ्रेम्समध्ये कान वाकडा दिसत होता, त्या खराब म्हणून बाजूला टाकल्या. उरलेल्यांत लाल रंग काढून टाकला. पिंपल काढतो तसा... विचारसुद्धा केला नाही.

आठवड्याने तिघं फोटो निवडायला माझ्याकडे आले. वैभव स्क्रीनकडे बघत म्हणाला, "ताई, दोन दिवस कान दुखत होता. फोटोत तर काहीच नाही?"

मी ओरिजिनल्स उघडले. चौथ्या फ्रेमपासून कानाची वरची कड पुढे दुमडलेली – चिमटीत धरावी तशी. दाबामुळे कातडी तिथे पांढरी पडलेली. आसपास कोणाचं बोट नाही, ओढणी नाही. आठव्या फ्रेमपासून कान सरळ, पण लाल.

कोमलने माझ्या हातातून माऊस घेतला आणि झूम केलं.

"सगळे खालून पिळतात," ती म्हणाली. "गोपाल वरून दुमडे. मायाबी कान असाच धरे."

मी घाईघाईने शटर स्पीडबद्दल काहीतरी बोलले. कोणी ऐकत नव्हतं.

"काकू," वैभव म्हणाला, "एका लग्नात कान एकदाच पिळतात ना?"

काकूंनी स्क्रीनवरच्या कानाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "एकदाच," त्या म्हणाल्या. मग – "पन पिळणाऱ्याले कपडे द्या लागते, जवाईबापू."

"देतो ना. शर्ट किती नंबरचा लागे त्याले?"

कोमलने तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "बेचाळीस. खांद्यात रुंद होता."

लग्नात कोणीच कान पिळला नाही. काकू आणि सागर पहिल्या रांगेत होते. नवा शर्ट कोमलच्या आईने मांडीवर धरून ठेवला होता. त्याचा फोटो मी काढला नाही.

त्या नऊ फ्रेम्स मी नंतर दोन जाणकार फोटोग्राफरना दाखवल्या. एक म्हणाला, तूच एडिट केलंयस. दुसरा म्हणाला, वारा असेल. पण त्या सकाळी वारा नव्हता – वैभवच्या मागे पाण्यात महालाचं प्रतिबिंब जराही हललेलं नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही.