बोअर नंबर दोनची बाटली

रखमाजीचं सेवापुस्तक उघडलं तर पंचवीस वर्षांत एकच काळा शेरा सापडतो: ‘नमुन्याची बाटली हलगर्जीपणाने फोडली.’ बाकीची पानं इतकी कोरी की हा माणूस कामावर यायचा तरी का, अशी शंका यावी. यायचा. १९८१ साली तो जालन्याच्या पाणी तपासणाऱ्या सरकारी कचेरीत मदतनीस म्हणून चिकटला आणि तेव्हापासून जिल्ह्याभरच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणत राहिला. जीपमध्ये साहेब पुढे बसायचे, रखमाजी मागे, आणि काचेच्या बाटल्यांची पेटी त्याच्या मांडीवर. खड्डा आला की तो स्वतः आदळायचा, पेटीला धक्का लागू द्यायचा नाही.

१९९८च्या उन्हाळ्यात शहागडच्या साळूबाईचा अर्ज कचेरीत सापडला. अर्ज दोन वर्षांपूर्वीचा. रंगकामासाठी कपाट हलवलं म्हणून सापडला. हमरस्त्यावरच्या सर्जेरावच्या पेट्रोल पंपामागे तिचं रान होतं आणि तिच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास मारत होता. म्हैससुद्धा तोंड लावत नव्हती. पिण्याचं पाणी साळूबाई डोक्यावर हंडा घेऊन गंगेहून आणायची. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. सर्जेरावचं म्हणणं, आपली टाकी ठणठणीत आहे, वास बाईच्या नाकात आहे.

जमिनीखालची टाकी उकरायची तर डिझेल विहिरीकडे सरकतंय हे आधी कागदावर यायला हवं होतं. म्हणून कचेरीतल्या गिरिधर साहेबांनी दोन बोअर घेतले. नंबर एक पंपाच्या अलीकडे, तुलनेसाठी. नंबर दोन पंप आणि विहीर यांच्या मधोमध. पाणी प्यायला नव्हे, नुसतं तपासायला. पाइप बसले, झाकणं बसली. झाकणांची कुलपं मात्र वरच्या कचेरीत मंजुरीची वाट पाहत पडली होती.

नमुना घ्यायला साहेब आणि रखमाजी गेले, तर नंबर दोनच्या झाकणावर हळदीकुंकू आणि शेजारी फोडलेला नारळ. साळूबाई मोठ्या कौतुकाने पुढे आली. नवं पाणी लागलं आणि त्याची ओटी भरली नाही, असं तिच्या घरात कधी झालं नव्हतं. सकाळीच तिने जावा-शेजारणी गोळा केल्या होत्या आणि सात जणींनी गंगेचे सात हंडे, हळद घालून, त्या बोअरमध्ये ओतले होते.

‘पाण्याला पाण्यानंच बोलवावं लागतंय, भाऊ,’ ती म्हणाली.

नियम साधा होता: आधी बोअरमधलं साचलेलं पाणी तीनदा उपसून फेकायचं, मग आत नव्याने झिरपलेलं बाटलीत भरायचं. रखमाजीने साहेबांना हळूच सांगितलं की आज उपसलं नाही तर आपण गंगा तपासून परत जाऊ. साहेबांनी घड्याळ पाहिलं. उपसायला तीन तास, जेवण सर्जेरावकडे, आणि मटण तयार असल्याचा निरोप येऊन गेलेला. शिवाय ऐन उन्हाळ्यात पाणी फेकलेलं लोकांना बघवत नाही, ही अडचणही साहेबांना तेवढ्यात सुचली. रखमाजीने दोरीला बांधलेली नळी खाली सोडली आणि बाटली भरली. पाणी नितळ होतं, त्याला हळदीचा वास येत होता. ‘बोअर उपसून नमुना घेतला’ असं साहेबांनी जेवायला जाता जाता वहीत लिहिलं.

परतीच्या वाटेवर पेटी मांडीवर जड झाली. ही बाटली उद्या प्रयोगशाळेत गेली की पाणी शुद्ध ठरणार, फाइल बंद होणार आणि साळूबाई मरेपर्यंत हंडे वाहणार, तेही स्वतःच्या भक्तीपायी. साहेबांविरुद्ध लिहून देण्याची रखमाजीची छाती नव्हती, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. कचेरीच्या तिसऱ्या पायरीवर तो थांबला. नंबर दोनची बाटली पेटीतून काढली, छातीइतकी उंच धरली आणि सोडून दिली.

साहेबांनी विचारलं तर म्हणाला, ‘सुटली, साहेब.’

ज्या कचेरीत अर्ज दोन वर्षं कपाटामागे राहिला, तिथे रखमाजीचा मेमो तासाभरात टाइप झाला. बाटली फुटली तर नमुना पुन्हा घ्यायचा, असा नियम होता. शिक्षा म्हणून त्याला एकट्यालाच एसटीने पाठवण्यात आलं.

साळूबाई पुन्हा हंडा भरून तयारच होती. रखमाजीने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की बोअरची ओटी एकदाच भरतात, दुसऱ्यांदा भरली तर बोअर रुसतो. हा रिवाज त्याने जागेवरच जन्माला घातला. त्या भागात तो अजून पाळतात. मग घरच्या पेटीचं कुलूप पिशवीतून काढून शेजारी ठेवलं आणि उपसायला बसला. दुपारपर्यंत दोरी ओढत राहिला. तिसऱ्या उपशाला दोरी तेलकट झाली, हात बुळबुळीत झाले आणि असा वास सुटला की त्याला मनापासून आनंद झाला. बाटली भरून त्याने झाकणाला आपलं कुलूप घातलं.

एवढं झाल्यावर साळूबाईने विचारलं, मागच्या बाटलीचं काय झालं? खरं सांगणं सोपं होतं. पण तिच्या बोटांना हळद लागलेली होती. बाटली फुटली, एवढंच तो म्हणाला.

‘आमच्या पाण्याचा निकाल तुमच्या हातात व्हता, अन् तुमी बाटली फोडून बसले? जरा बराबर धरता येत न्हाई का?’

‘चुकलं, बाई.’

अहवाल आला, टाकी उकरली, बुडाला मूठ जाईल एवढं भोक निघालं. सर्वांत जास्त नवल सर्जेरावला वाटलं. विहीर निवळायला मात्र पाच वर्षं लागली, आणि दर वर्षी रखमाजी नमुना घ्यायला जात राहिला.

२००६ला निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीत त्याने आपल्या जागेवर आलेल्या नव्या मदतनिसाला सोबत नेलं. साळूबाईने दोघांना चहा दिला, तिच्या विहिरीच्या पाण्याचा. मग नव्या माणसाकडे वळून म्हणाली, ‘बाटली जपून न्या बरं. पहिल्या टायमाला यांच्या हातनं फुटल्ती. माणूस लई चांगला हाय, पन धांदरट.’

रखमाजीने चहा संपवला आणि कपबशी दोन्ही हातांनी, जपून, खाली ठेवली.